यादी पुरे, आता निवडीची रीत लिहा

नोव्हेंबर लागला की इंग्रजी शब्दकोशांचे प्रकाशक एकामागून एक आपापला ‘वर्षातला शब्द’ जाहीर करू लागतात. बहुधा कॉलिन्स आधी, मागोमाग केंब्रिज आणि ऑक्सफर्ड, मग अमेरिकेतला मेरियम-वेब्स्टर. या निवडींवरचे विकिपीडियातले लेख कसे असावेत, याबद्दल तेव्हा हमखास दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, ही प्रकाशकांची जाहिरात आहे. ज्ञानकोशात तिला स्वतंत्र लेख कशाला? त्या त्या कोशाच्या लेखात दोन ओळी लिहा आणि मोकळे व्हा. दुसरी म्हणते, वाचक यादी पाहायला येतो. दर डिसेंबरला एक ओळ वाढवली की काम झाले. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण दोघींनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे. ती म्हणजे असा लेख हा मुळात शब्दांची यादी असतो. वाद तिथेच चुकतो. लेख राहिलाच पाहिजे. मात्र त्याचा विषय ‘कोणता शब्द’ हा नसून ‘कोणी, कशाच्या आधारे, कोणत्या मुदतीतला आणि कोणत्या देशासाठी निवडला’ हा आहे. शब्द त्या उत्तराचा फक्त एक रकाना.

जाहिरातीचा आक्षेप खरा आहे, आणि तो हातचे काहीही न राखता मान्य करायला हवा. ही निवड हे कोशकाराच्या रोजच्या कामाचे फळ नव्हे. ती प्रसिद्धीपत्रकाच्या रूपाने येते, वर्ष संपायच्या आत येते आणि बातमीदारांना सोयीच्या वेळी येते. ऑक्सफर्डने २०१६ साठी ‘पोस्ट-ट्रुथ’ जाहीर केला तेव्हा नोव्हेंबर जेमतेम निम्मा सरला होता आणि अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम आठवडा झाला होता. म्हणजे ‘२०१६ चा शब्द’ यातले २०१६ कॅलेंडरमधले नाही. शिवाय वर्तमानपत्रे बहुतेक वेळा पत्रकच उतरवतात. दहा दैनिकांत बातमी आली म्हणून दहा स्रोत मिळाले असे होत नाही. तो एकच स्रोत दहा ठिकाणी छापलेला असतो. उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे विषयाला स्वतःचा लेख मिळण्यासाठी, स्वतंत्र स्रोत लागतात हा विकिपीडियाचा नियम काटेकोरपणे लावला, तर यातल्या कित्येक वर्षांची नोंद उघडी पडेल.

पण यातून लेख काढून टाकावा हा निष्कर्ष कसा निघतो? लेख काढल्याने जाहिरात थांबत नाही. थांबते ती तिची तपासणी. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. लोकांनी मोटारी जास्त चालवाव्यात म्हणून तिने १९०० मध्ये प्रवाशांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६ मध्ये उपाहारगृहांना तारे द्यायला सुरुवात केली. उगम निव्वळ व्यापारी होता, म्हणून ज्ञानकोशांनी ताऱ्यांचा विषय वगळला नाही. तारा कोण देतो, परीक्षक ओळख का लपवतात, एका आणि तीन ताऱ्यांत फरक काय, हे ज्ञानकोश सांगतो. व्यापारी हेतूने सुरू झालेली गोष्ट समाज प्रमाण म्हणून वापरू लागला, की ते प्रमाण कसे बनते हे सांगणारा कोणी तरी हवा असतो. ‘वर्षातला शब्द’ आज असेच प्रमाण झाला आहे. अग्रलेखांत, भाषणांत, शाळेच्या प्रश्नमंजूषांत तो ‘ऑक्सफर्डने मान्य केलेला शब्द’ म्हणून येतो.

आता यादीवाद्यांकडे येऊ. त्यांचे म्हणणे वरवर निरुपद्रवी दिसते, पण खरे नुकसान तिथे होते. मेरियम-वेब्स्टरची मालिका पाहा. २००३ ‘डेमॉक्रसी’, २००४ ‘ब्लॉग’, २००५ ‘इंटेग्रिटी’, २००६ ‘ट्रुथिनेस’, २००७ ‘वूट’, २००८ ‘बेलआउट’, २००९ ‘अ‍ॅडमॉनिश’. ही सात नावे एकाखाली एक छापली की वाचकाला ती एकाच तराजूने तोललेली वाटतात. तशी ती नाहीत. पहिली तीन संकेतस्थळावर कोणता शब्द किती वेळा उघडून पाहिला गेला यावरून आली. पुढची दोन वाचकांच्या मतदानाने आली. त्यानंतर मालिका पुन्हा शोधांच्या आकड्यांकडे वळली. ‘वूट’ हा संगणकावर खेळणाऱ्या मुलांचा आनंदोद्गार, तोही मधल्या दोन अक्षरांच्या जागी दोन शून्ये घालून लिहिलेला. लोकांनी कोशात उघडून पाहण्याच्या मोजणीत तो वर येणे अवघड होते. मतदानात तो आरामात आला. ‘ट्रुथिनेस’ (पुरावा नसताना मनाला पटते ते खरे मानणे, असा विनोदी शब्द) आणि ‘वूट’ यांच्यावरून त्या दोन वर्षांत अमेरिकी लोक थट्टेखोर झाले होते, असा निष्कर्ष काढणारा माणूस निवडीच्या नियमातला बदल समाजाच्या माथी मारतो. यादी त्याला थांबवत नाही. उलट चुकीच्या वाटेला लावते.

ऑक्सफर्डच्या मालिकेत तर याहून मोठे सांधे आहेत. २००४ ते २०२१ या काळात निवड कोशकारांची होती. कॉर्पस, म्हणजे वृत्तपत्रे, संकेतस्थळे आणि इतर लेखनातून जमवलेल्या अब्जावधी शब्दांच्या मजकुराचा साठा, चाळायचा आणि त्यातून निवड करायची. २०२२ मध्ये तीन शब्द लोकांपुढे ठेवून पहिल्यांदाच थेट मतदान झाले. ‘गॉब्लिन मोड’ला (आळशी, बेफिकीर वागणे) ३ लाख १८ हजार ९५६ मते पडली, म्हणजे ९३ टक्के. पुढच्याच वर्षी रीत पुन्हा बदलली. २०२३ मध्ये आठ शब्दांच्या चार जोड्या लावल्या, लोकांच्या मतांनी चार उरले आणि त्यातून ‘रिझ’ तज्ज्ञांनी निवडला. २०२४ च्या ‘ब्रेन रॉट’च्या वेळी सहा शब्दांवर ३७ हजारांहून अधिक लोकांनी मत दिले, ते मतदान आणि भाषिक पुरावा एकत्र धरून निर्णय झाला. मालिका एक, पण रीती तीन. २०२१ च्या ‘व्हॅक्स’ची (लस) आणि २०२२ च्या ‘गॉब्लिन मोड’ची तुलना करून ‘लोक गंभीर होते ते उथळ झाले’ असे लिहिणाऱ्याला कोणी विचारायला हवे: आधीच्या वर्षी लोकांना विचारले तरी होते का?

आपल्याकडे हा धडा जनगणनेने फार आधी दिला आहे. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ मध्ये दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा वेगळ्या न दाखवता ‘इतर’मध्ये घालण्याचे ठरले आणि यादी शंभराच्या आसपास आली. दोन याद्या शेजारी ठेवून कोणी म्हणू लागला की दहा वर्षांत भारतातल्या दीड हजार भाषा मेल्या, तर त्याला आपण काय म्हणू? भाषा मेल्या असतीलही काही. पण हा आकडा ते सांगत नाही. तो फक्त मोजण्याचा उंबरठा बदलल्याचे सांगतो. ‘इतर’ या रकान्याचा अर्थ शेजारी लिहिलेला नसेल, तर अस्सल सरकारी तक्तासुद्धा खोटे बोलतो. शब्दांची यादी याला अपवाद का असावी?

रीत लिहायची म्हणजे मोजमाप नेमके कशाचे आहे हेही लिहायचे. मेरियम-वेब्स्टर शोध मोजते; ऑक्सफर्डचा मुख्य आधार वापर आहे. या दोन गोष्टी वेगळ्याच नाहीत, कधी कधी उलट्या आहेत. अंगवळणी पडलेला शब्द कोणी कोशात उघडत नाही. शोध वाढतो तो शंका आली की, अर्थावर भांडण झाले की, किंवा एखाद्या जाहीर प्रसंगात शब्द अचानक कानावर पडला की. २००९ चे ‘अ‍ॅडमॉनिश’ हे त्याचे स्वच्छ उदाहरण. अध्यक्ष ओबामा संसदेत बोलत असताना प्रतिनिधी जो विल्सन यांनी ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडून सांगितले, सभागृहाने त्यांना समज दिली, बातम्यांत हा शब्द आला आणि लोकांनी कोश उघडला. त्या वर्षी हा शब्द लोकांच्या तोंडी होता असे त्यावरून म्हणता येत नाही. २०१९ चे ‘दे’ (they) तर इंग्रजीतले मूलभूत सर्वनाम. त्याचे शोध ३१३ टक्क्यांनी वाढले ते एका व्यक्तीसाठी ते वापरावे की नाही या वादामुळे. कोशाच्या निवडीत हा तपशील नसेल, तर सर्वनाम ‘वर्षातला शब्द’ कसे झाले याचा उलगडाच होत नाही.

शोधांवर आधारलेल्या मोजणीवर बाहेरून दाब येऊ शकतो, हेही सांगायला हवे. २०१६ च्या नोव्हेंबरअखेर मेरियम-वेब्स्टरने स्वतःच ट्विटरवर जाहीर केले की ‘फॅसिझम’ शोधांत पहिला आहे, शोधांवरूनच निवड होते, आणि दुसरे काही शोधायला अजून वेळ आहे. शेवटी निवड झाली ‘सरिअल’ची (surreal, स्वप्नवत, अविश्वसनीय). मार्चमधला ब्रसेल्सचा हल्ला, जुलैमधले तुर्कस्तानातले बंड, नोव्हेंबरातली निवडणूक, अशा प्रत्येक धक्क्यानंतर त्या शब्दाचे शोध उसळले होते. या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा हे वाचकाने ठरवावे. पण मोजणारा मोजणी चालू असताना शोध घेणाऱ्यांशीच बोलतो आहे, ही गोष्ट ज्या लेखात नाही तो लेख २०१६ ची नोंद अपुरी देतो.

टक्केवारी हा या लेखांमधला सर्वांत नाठाळ भाग. ‘सेल्फी’चा वापर वर्षभरात १७ हजार टक्क्यांनी वाढला, ‘पोस्ट-ट्रुथ’चा सुमारे २ हजार टक्क्यांनी, ‘गॅसलाइटिंग’चे शोध १,७४० टक्क्यांनी, ‘फेमिनिझम’चे ७० टक्क्यांनी. हे सगळे आकडे प्रकाशकांनी दिलेले आहेत आणि तसे खरेही आहेत. पण ते एका रकान्यात ठेवून चढ-उतार लावणे चूक आहे. पहिले दोन वापराचे, पुढचे दोन शोधांचे. दुसरे असे की पाया लहान असला की टक्का फुगतो: शंभरदा आलेला शब्द दोन हजारदा आला की वाढ १,९०० टक्के, दहा लाखांचे सतरा लाख झाले की फक्त ७०. ‘फेमिनिझम’सारख्या आधीपासून खूप शोधल्या जाणाऱ्या शब्दाची ७० टक्के वाढ प्रत्यक्षात किती तरी मोठी उलथापालथ असू शकते. तिसरे, कॉर्पस स्वतः दर वर्षी वाढत असतो. म्हणून नुसता आढळांचा आकडा निरुपयोगी, दर दहा लाख शब्दांमागे किती हे हवे. पत्रकात पायाचा आकडा नसेल तर संपादकाने तो अंदाजाने भरू नये. टक्का द्यायचा, तो कशाचा ते लिहायचे, कोणी दिला ते लिहायचे आणि ‘पायाभूत संख्या जाहीर केलेली नाही’ असे तळटिपेत नोंदवायचे.

याहून साधी, पण सर्वत्र दिसणारी चूक सालाची आहे. ‘ट्रुथिनेस’ अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेचा २००५ चा शब्द आणि मेरियम-वेब्स्टरचा २००६ चा. सोसायटी १९९० पासून आपल्या वार्षिक सभेत हात वर करून मतदान घेते, आणि ती सभा भरते जानेवारीत. म्हणजे २००५ चा शब्द ठरला २००६ मध्ये. दोन याद्या मिसळणाऱ्याला एक साल चुकीचे वाटते आणि तो ते ‘दुरुस्त’ करतो. हिंदीतही हेच घडते. ऑक्सफर्डने हिंदीसाठी २०१७ चा शब्द म्हणून ‘आधार’ निवडला, पण तो जाहीर झाला जानेवारी २०१८ मध्ये, जयपूरच्या साहित्य महोत्सवात. ‘नारी शक्ती’ २०१८ चा, घोषणा जानेवारी २०१९. ‘संविधान’ २०१९ चा, घोषणा जानेवारी २०२०. ‘आत्मनिर्भरता’ २०२० चा, घोषणा फेब्रुवारी २०२१. बातमीच्या तारखेवरून साल लिहिणारा सगळी मालिका एका घराने पुढे सरकवतो. उपाय एकच: निवडीचे साल आणि घोषणेची तारीख असे दोन वेगळे रकाने.

रिकाम्या जागांचाही मोह असतो. २०२० साठी ऑक्सफर्डने एक शब्द निवडलाच नाही. एवढ्या उलथापालथीच्या वर्षाला एक शब्द पुरणार नाही असे सांगून अनेक शब्दांचा अहवाल काढला. तक्त्यातली मोकळी चौकट पाहून कोणी तरी तिथे ‘लॉकडाउन’ किंवा ‘पँडेमिक’ बसवतो. पहिला कॉलिन्सचा आहे, दुसरा मेरियम-वेब्स्टरचा. तसेच प्रदेशाचे. २००५ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटनसाठी ‘सुडोकू’ आणि अमेरिकेसाठी ‘पॉडकास्ट’ निवडला. २०११ मध्ये ‘स्क्वीझ्ड मिडल’ दोन्हीकडे एकच. २०१२ मध्ये पुन्हा दोन, ब्रिटनचा ‘ऑम्नीशॅम्बल्स’ आणि अमेरिकेचा क्रियापद म्हणून ‘गिफ’. २०१३ पासून एकच. देशाचा रकाना उडवला की २०१२ मध्ये इंग्रजी भाषकांचे एकमत नव्हते आणि २०१३ मध्ये झाले, असा भलताच भास होतो. २०१५ ची निवड तर शब्द नव्हतीच, आनंदाश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्याचे चिन्ह होते. ते वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळे दिसते, काही ठिकाणी चौकोन दिसतो. म्हणून चिन्हाशेजारी त्याचे नाव शब्दांत लिहावेच लागते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मात्र वेगळा आहे: निवड झाली म्हणजे शब्द कोशात गेला. ‘सेल्फी’ची कालरेषा मांडली तर हे एका दृष्टिक्षेपात कळते. पहिला सापडलेला वापर २००२ चा, ऑस्ट्रेलियातल्या एका चर्चास्थळावरचा. ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात नोंद ऑगस्ट २०१३. वर्षातला शब्द नोव्हेंबर २०१३. ऐतिहासिक तत्त्वावर रचलेल्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशात नोंद जून २०१४. चार तारखा, चार वेगळ्या घटना, त्यातल्या दोन तर एकाच प्रकाशकाच्या दोन वेगळ्या कोशांतल्या. ‘आधार’चेही तसेच. हिंदीचा वर्षातला शब्द म्हणून त्याची निवड ही एक घटना. जानेवारी २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशाच्या दहाव्या आवृत्तीत चाळ, डबा, हरताळ, शादी यांच्या जोडीने जे २६ भारतीय इंग्रजी शब्द आले त्यात ‘आधार’ येणे ही दुसरी. मराठी बातम्यांत या दोहोंची सरमिसळ सर्रास होते. मग वाचक समजतो की ऑक्सफर्डने शब्दाला ‘मान्यता’ दिली. मान्यता देणे हे वर्णनात्मक कोशाचे कामच नव्हे.

वर्षाची चर्चा आणि कोशाची नोंद यांची घड्याळे नेहमीच वेगळी चालली आहेत. मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या १८८८ च्या पहिल्या खंडात ‘अपेंडिसायटिस’ नव्हता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला आणि तो शब्द घराघरांत पोचला. त्या काळी ‘वर्षातला शब्द’ निवडायची प्रथा असती तर १९०२ साठी दुसरा उमेदवार शोधावा लागला नसता. पण कोशात तो यायला १९३३ ची पुरवणी उजाडावी लागली. म्हणून तक्त्यात ‘कोशातील नोंद’ हा स्वतंत्र रकाना हवा, आणि नोंद झाली नसेल तर तिथे ‘नाही’ असे स्पष्ट लिहायला हवे.

इथे एक गंभीर हरकत येते, आणि ती घेणारे लोक विकिपीडियाचे नियम नीट जाणणारे असतात. ते म्हणतात, तुम्ही जे सांगता ते स्वतःचे संशोधन झाले. शब्दाचा अर्थ काय, तो कशाचे लक्षण, रीत बदलल्याने काय झाले हे लिहिणे संपादकाचे काम नाही. यादी निदान सुरक्षित आहे. हरकतीचा अर्धा भाग बरोबर आहे. ‘रीत बदलली म्हणून शब्द उथळ झाले’ असे वाक्य संपादकाने स्वतःच्या मनाने लिहू नये. पण ‘२०२२ मध्ये मतदान झाले, २०२१ मध्ये झाले नव्हते’ हे मत नव्हे, ते पडताळण्याजोगे तथ्य आहे, आणि प्रकाशकाचे स्वतःचे निवेदन त्याला पुरेसा आधार आहे. फरक असा करावा: कोणता शब्द, कधी, कशा रीतीने, यासाठी प्रकाशकाचे पत्रक चालते. तो शब्द काळाचे प्रतिबिंब आहे का, यासाठी ते चालत नाही. तिथे एक तर ‘ऑक्सफर्डच्या म्हणण्यानुसार’ असे लिहावे, किंवा बाहेरचा अभ्यासक शोधावा.

बाहेरचा अभ्यासक शोधल्याने काय हाती लागते ते ‘यूथक्वेक’ दाखवतो. १९६५ मध्ये ‘व्होग’च्या संपादिका डायना व्हरीलँड यांनी फॅशनच्या संदर्भात रुळवलेला हा शब्द. २०१७ च्या जूनमध्ये ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली, तरुण मतदार लोटले अशी चर्चा उठली, शब्दाचा वापर एका वर्षात पाचपट झाला आणि ऑक्सफर्डने तो निवडला. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘ब्रिटिश इलेक्शन स्टडी’च्या अभ्यासकांनी आपली आकडेवारी मांडली: तरुणांच्या मतदानात अशी लाट आल्याचा पुरावा सापडत नाही. शब्द खरोखर वापरला जात होता. ज्या घटनेसाठी तो वापरला जात होता तीच वादग्रस्त ठरली. ज्या लेखात फक्त ‘२०१७: यूथक्वेक, तरुणांमुळे घडलेला राजकीय बदल’ एवढेच आहे, तो लेख एका राजकीय दाव्यावर ज्ञानकोशाचा शिक्का मारतो. सुरक्षित म्हणतात ती यादी इतकी असुरक्षित असते.

स्रोत स्वतंत्र आहे की नाही हे ओळखायची कसोटी सोपी आहे. पत्रक आणि बातमी शेजारी उघडा. पत्रकात असलेली प्रत्येक ओळ बातमीतून मनातल्या मनात खोडा. उरले काय? स्वतंत्र मुलाखत, विरोधी मत, वेगळी आकडेवारी यांतले काही उरले तर स्रोत धरा. शीर्षक आणि छायाचित्रच उरले तर नाही. चाकोरीतल्या चक्राकार संदर्भांपासूनही सावध राहावे. विकिपीडियातली चूक वर्तमानपत्राने उचलायची आणि मग तेच वर्तमानपत्र संदर्भ म्हणून विकिपीडियात यायचे, हे जुन्या वर्षांच्या नोंदींत सहज घडते. लेखाच्या इतिहासात ते वाक्य कोणत्या तारखेला आले ते पाहावे; बातमी त्यानंतरची असेल तर ती संदर्भ म्हणून बाद.

दुव्यांचा प्रश्न या विषयात विशेष त्रासदायक आहे, कारण ऑक्सफर्डचा ऑनलाइन पत्ताच वारंवार बदलला. ऑक्सफर्ड डिक्शनरीज डॉट कॉम आणि तिथला ब्लॉग हा जुन्या घोषणांचा मूळ ठिकाणा. २०१९ मध्ये कोश ‘लेक्सिको’वर गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये लेक्सिकोही बंद झाले आणि तिथले दुवे डिक्शनरी डॉट कॉमकडे वळवले गेले. गंमत अशी नव्हे तर धोका असा, की वळवलेला दुवा तपासणाऱ्या सांगकाम्याला (आपोआप चालणाऱ्या बॉटला) जिवंत दिसतो. पान उघडते, चूक दाखवली जात नाही, पण आतला मजकूर दुसऱ्याच कोशाचा असतो, आणि त्या कोशाची स्वतःची वेगळी ‘वर्षातला शब्द’ मालिका आहे. म्हणून यंत्रावर न सोडता प्रत्येक दुवा हाताने उघडावा. मजकूर गेला असेल तर वाक्य खोडू नये. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये घोषणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतली प्रत शोधून तिचा दुवा जोडावा. घोषणेच्या आधीची प्रत घेतली तर तिथे फक्त अंतिम फेरीतले शब्द दिसतील आणि संदर्भ वाक्याला आधार देणार नाही. नवी घोषणा आली की त्याच दिवशी प्रत जतन करून ठेवावी.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी चर्चा पानावर प्रस्तावित रकाने लिहावेत: निवडीचे साल, घोषणेची तारीख, शब्द, देश, निवडीची रीत, मोजमाप आणि ते कोणी दिले, कोशातील नोंद, स्वतंत्र स्रोत. मग तक्ता भरावा, एका वेळी एक रकाना सर्व वर्षांसाठी. एका वेळी एक वर्ष भरत गेले की पहिल्या पाच वर्षांत एक निकष आणि पुढच्या पाचांत दुसरा लागतो. रीतीचा इतिहास तक्त्याच्या आधी गद्यात यावा, जिथे जिथे सांधा आहे तिथे परिच्छेद तोडून. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण काय सापडले हे आधी माहीत नसते. प्रत्येक बदलाच्या सारांशात काय केले ते लिहावे. सालांची दुरुस्ती आणि वाक्यरचनेची दुरुस्ती एकाच संपादनात मिसळली की पुढच्या माणसाला एक ठेवून दुसरी परतवता येत नाही.

अंतिम फेरीत येऊन हरलेल्या शब्दांचे काय? मेरियम-वेब्स्टर आघाडीचे दहा देत आले आहे, आणि ते सगळे उतरवण्याचा आग्रह असतो. माझ्या मते ते सरसकट नकोत. शब्द निवडला गेला ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फाइस्ट खटल्यात हेच तत्त्व दूरध्वनी पुस्तिकेच्या संदर्भात मांडले. पण त्याच निकालाने निवड आणि मांडणीतल्या सर्जनाला संरक्षणही दिले. संपादकांनी निवडलेली दहा शब्दांची यादी व्याख्यांसकट दर वर्षी जशीच्या तशी उचलणे त्या रेषेच्या फार जवळ जाते. व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि हरलेला शब्द तेव्हाच द्यावा, जेव्हा त्याच्याशिवाय निवडीची गोष्ट कळत नाही: २०२२ च्या मतदानातले ‘मेटाव्हर्स’ आणि ‘आय स्टँड विथ’, किंवा २०१६ चे ‘फॅसिझम’.

मराठी विकिपीडियावर हा लेख आणताना आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. इंग्रजी लेखाचे जसेच्या तसे भाषांतर केले तर त्यातल्या सालांच्या चुकाही देवनागरीत येतील, त्यामुळे तक्ता मूळ घोषणांवरून नव्याने भरावा. आणि ‘गॉब्लिन मोड’ला किंवा ‘रेज बेट’ला मराठी प्रतिशब्द घडवून तोच रकान्यात लिहू नये. शब्द देवनागरीत, शेजारी एका वाक्यात अर्थ, एवढेच. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात शब्दापुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी याची खूण असते आणि शब्द मात्र लोक बोलतात तसा ठेवलेला असतो. तक्त्यालाही तेवढी शिस्त पुरते. हिंदीच्या चार निवडींना ऑक्सफर्डच्या इंग्रजी मालिकेत घुसवू नये, वेगळा विभाग करावा. तिथे रीतही वेगळी होती: लोकांकडून फेसबुकवर सूचना मागवल्या आणि भाषातज्ज्ञांच्या मंडळाने निवड केली, तेव्हा मतांचा किंवा शोधांचा आकडा तिथे शोधत बसू नये आणि त्या चौकटीत ‘मंडळाचा निर्णय’ असे लिहून पुढे जावे.